टर्बो ट्रकचा पिस्टन गेला की नाही: हेड उघडण्याआधी आणि उघडल्यावर काय पाहायचं

हेड उतरवलेलं, ऑईल चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑईलची टाकी) खाली ठेवलेलं, सहाही पिस्टन टेबलावर ओळीने मांडलेले, आणि त्यातल्या एकालाही काही झालेलं नाही. ते इंजिन उघडायला मीच सांगितलं होतं. ब्रीदरमधून (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येत होता, ऑईल कमी होत होतं, चढणीला गाडी लोड घेत नव्हती. सगळ्यांनी एकच निदान केलं: बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे ज्वलनाचा दाब पिस्टनच्या बाजूने खाली चेंबरमध्ये गळतोय, पिस्टन-रिंग संपले. प्रत्यक्षात ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या होत्या आणि तो आपली हवा इंजिनाच्या चेंबरमध्ये फुंकत होता. लोड न घेण्याचं कारण आणखी वेगळं निघालं. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्या) होजची क्लिप ढिली होती. दोन किरकोळ दोष एकत्र आले आणि एका मोठ्या दोषासारखे दिसले.

त्यानंतर मी कामाचा क्रम ठरवून घेतला, तोच इथे मांडतो. मुख्यतः टर्बो डिझेल ट्रकबद्दल लिहितो आहे, शेवटाकडे टर्बो पेट्रोलबद्दल थोडं. या क्रमामागे दोन गोष्टी आहेत. उघडल्याशिवाय जेवढं कळू शकतं तेवढं आधी कळून घ्यायचं. आणि पिस्टन खरंच गेला असेल, तर तो कशामुळे गेला हे सापडेपर्यंत नवा बसवायचा नाही. पिस्टन आपणहून फारच क्वचित मोडतो. बहुतेक वेळा इंजेक्टर, हवा, ऑईल किंवा कूलंट यांपैकी कशाची तरी शिक्षा तो भोगत असतो.

टर्बो इंजिनात पिस्टनवर काय बेततं, ते एकदा आकड्यात पाहा. ११० मिमी व्यासाचा पिस्टन आणि ज्वलनाचा कमाल दाब १८० बार धरला, तर प्रत्येक स्फोटाला माथ्यावर साधारण १७ टनांचा भार येतो. १८०० आरपीएमला हे मिनिटाला ९०० वेळा घडतं. त्यात उष्णता वेगळी. पिस्टनचा ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातू ५७७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, पण त्याच्या बराच आधी नरम पडतो. सिलिंडरमधल्या ज्वाळेचं तापमान याच्या कित्येक पट असतं. तरी पिस्टन टिकतो, कारण रिंगांमधून लायनरकडे (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याकडे) आणि खालून उडणाऱ्या ऑईलकडे उष्णता सतत निघून जाते. हा निचरा कुठे तुंबला, किंवा वरून जास्त उष्णता आली, की पिस्टन जातो.

पाना हातात घेण्याआधी विचारपूस

ड्रायव्हरशी दहा मिनिटं बोला. त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू वाढत गेला? अचानक असेल तर तुटणं, वितळणं, जाम होणं यांपैकी काहीतरी. महिनोन्‌महिने वाढत आलेला असेल तर झीज किंवा धूळ. त्याआधी कोणतं काम झालं होतं? इंजेक्टर बदलले, पंप सेट केला, ताकद वाढवण्यासाठी चिप बसवली, टर्बो फुटून नवा टाकला, गाडी एकदा गरम होऊन उभी राहिली, खोल पाण्यातून गेली, थंडीत ईथरचा स्प्रे मारून सुरू केली. यातल्या प्रत्येक उत्तराला पुढे पिस्टनवर एक ठरावीक खूण सापडते.

टर्बो फुटल्याचं उत्तर आलं तर कान टवकारा. टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलचे (हवा दाबणाऱ्या चाकाचे) तुकडे इंटरकूलरमध्ये अडकून राहतात आणि नवा टर्बो बसवल्यावर काही दिवसांनी सिलिंडरमध्ये ओढले जातात. टर्बो बदलताना इंटरकूलर उतरवून धुतला नसेल, तर संशयाची पहिली जागा तीच.

धूर, आवाज आणि ब्रीदर

निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. पांढरा आणि डिझेलचा उग्र वास असलेला धूर म्हणजे इंधन न जळता बाहेर पडतंय, म्हणजे त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन कमी आहे किंवा इंजेक्टर नीट फवारत नाही. पांढरा पण गोडसर वासाचा धूर कूलंटचा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. धुराच्या रंगावरून दिशा कळते, पण तेवढ्यावर इंजिन उघडू नका. टर्बोचं सील गेलं तरी निळा धूर येतो, आणि व्हॉल्व्ह गाइड झिजले तरीही.

आवाजाने तर आणखी फसायला होतं. सैल पिस्टनचा ठोका थंड इंजिनात मोठा येतो आणि गरम झाल्यावर दबतो. इंजेक्टरची नॉकिंग मात्र धातूवर हातोडी मारल्यासारखी टणटणीत असते. दोन्ही आवाज त्या सिलिंडरचं इंधन बंद केल्यावर कमी होतात, म्हणून निव्वळ कानावर निकाल देऊ नका.

ब्रीदरकडे नीट लक्ष द्या. इंजिन गरम करा, आयडलवर ठेवा आणि ब्रीदरच्या तोंडाजवळ तळहात धरा. फुंकर एकसारखी, संथ असेल तर सगळ्याच सिलिंडरची झीज, किंवा टर्बो. ‘फक्… फक्… फक्’ अशी ठेक्यात येत असेल तर बहुधा एकच सिलिंडर गळतो आहे, आणि तिथे फुटलेली रिंग, तडा गेलेला किंवा भोक पडलेला पिस्टन असण्याची शक्यता खूप वाढते. एअर कॉम्प्रेसरही ठेक्यातच फुंकतो, हे मात्र ध्यानात असू द्या.

हाताचा अंदाज कागदावर आणायचा असेल तर पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून तिच्यात पाणी भरा, एक टोक ऑईल भरायच्या झाकणाला जोडा आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक मिलिमीटरमध्ये मोजा. मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी असते, आणि काही कंपन्या ठरावीक भोकाची चकती ब्रीदरला लावून मोजायला सांगतात. तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

दोन ठिकाणी जीव सांभाळा

बॅक कॉम्प्रेशन जोरात असेल आणि ब्रीदरची नळी टर्बोच्या इनलेटला जोडलेली असेल, तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून पळत सुटू शकतं. मग चावी बंद करूनही ते थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. तपासणीच्या वेळी हवेचं तोंड झाकता येईल एवढी जाड सपाट फळी हाताशी ठेवा. हाताने किंवा फडक्याने झाकायचा प्रयत्न कधीही करू नका. फडकं आत ओढलं जातं आणि हातही.

दुसरी गोष्ट कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनांची. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करून सिलिंडर बंद करत, ती सवय इथे सोडा. रेलमध्ये २००० बारपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाब असतो. केसाएवढी धारसुद्धा कातडी भेदून डिझेल आत घालते, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी ताबडतोब ऑपरेशनची असते. चालू इंजिनावर इंजेक्टरचा कनेक्टरही ओढू नका, तिथे धोकादायक व्होल्टेज असतं. सिलिंडर बंद करायचे ते स्कॅनरवरून.

पिस्टनवर आरोप ठेवण्याआधी तीन जणांना वगळा

एअर कॉम्प्रेसर: त्याची ऑईल परतीची वाट इंजिनाच्या चेंबरमध्येच उघडते, म्हणून त्याची गळती इंजिनाची वाटते. टाकी भरलेली असताना, म्हणजे कॉम्प्रेसर मोकळा फिरत असताना, ब्रीदर मोजा. मग ब्रेक दाबून टाकी रिकामी करा, कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरू लागला की परत मोजा. आकड्यात ठळक फरक पडला तर चोर सापडला. टाकीतून पाणी काढताना भरपूर ऑईल येणं हीसुद्धा त्याचीच साक्ष.

टर्बो: त्याची ऑईल ड्रेन नळी चेंबरपासून सोडवून स्वच्छ बादलीत सोडा, चेंबरचं भोक बंद करा आणि इंजिन आयडलवर थोडाच वेळ चालवून ब्रीदर मोजा. फुंकर उतरली तर टर्बोच्या सीलमधून दाब चेंबरमध्ये जातो आहे. हे करताना बादलीत किती ऑईल येतं त्यावर नजर ठेवा, चेंबर रिकामं व्हायला नको.

तिसरा ब्रीदरच. त्याची जाळी किंवा फिल्टर चोंदला तर आतला दाब वाढतो, सील गळतात, डिपस्टिक वर उचलली जाते, आणि हे सगळं पिस्टन गेल्यासारखं दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण मोठ्या कामाच्या घाईत ते राहून जातं.

जो ट्रक तासन्‌तास आयडलवर किंवा अगदी हलक्या लोडवर चालतो, त्याच्या लायनरला काचेसारखी चकाकी येते, रिंगा नीट बसत नाहीत आणि ऑईल वर चढतं. पिस्टन धड असतो. तिथे आधी पूर्ण लोडवर गाडी चालवून पाहावी.

कोणता सिलिंडर?

स्कॅनर असेल तर सिलिंडर बॅलन्स पाहा. कंट्रोल युनिट प्रत्येक सिलिंडरला किती इंधन वाढवून किंवा कमी करून देत आहे ते तिथे दिसतं. ज्याला सारखं वाढवून द्यावं लागतं तो दुबळा. मग एकेक सिलिंडर बंद करत जा. जो बंद केल्यावर इंजिनाच्या चालीत फरकच पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. स्कॅनर नसेल तर थंड इंजिन सुरू करून एका मिनिटात एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाचं तापमान इन्फ्रारेड गनने घ्या. एखादं तोंड बाकीच्यांपेक्षा बरंच थंड असलं तर तिथेच थांबा.

सेल्फ मारताना बॅटरीच्या करंटचा आलेख ऑसिलोस्कोपवर पाहणं ही माझी सर्वांत आवडती चाचणी आहे, कारण तिला काहीही खोलावं लागत नाही. प्रत्येक कॉम्प्रेशनला स्टार्टर जोर घेतो आणि आलेखात उंचवटा येतो. सहा सारखे उंचवटे म्हणजे सहा सारखे सिलिंडर. एक बुटका निघाला तर फायरिंग ऑर्डरवरून (सिलिंडर पेटण्याच्या क्रमावरून) तो ओळखायचा.

कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन

इंजिन चालवण्यासारखं असेल तर ते गरम करा. बॅटरी भरलेली, इंधन बंद, डिझेलसाठीचाच गेज. पेट्रोलचा गेज या दाबाला फुटतो. चांगलं डिझेल इंजिन सेल्फवर साधारण २५ ते ३० बार देतं, २० बारच्या खाली गेलं तर संशय घट्ट. मॅन्युअलचा आकडा अंतिम, पण त्याहूनही बोलका असतो तो सिलिंडरांमधला फरक. पाच सिलिंडर २६ वर आणि एक १७ वर असेल तर वाद संपला.

काटा कसा चढतो तेही पाहा. पहिल्या फेरीला कमी आणि पुढे पायरी पायरीने वाढत गेला तर बहुधा रिंगा. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडकला तर व्हॉल्व्ह, किंवा पिस्टनमध्ये भोक. सिलिंडरमध्ये ऑईल टाकून पुन्हा मोजण्याची जुनी रीत पेट्रोल इंजिनासाठी ठीक आहे. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर जागाच इतकी कमी उरते की थोडंसं ऑईलही आकडा फुगवतं, आणि जास्त पडलं तर रॉड वाकतो. डिझेलला मी ती करत नाही.

त्याऐवजी लीक-डाउन करा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सर्वांत वरच्या टोकाला) आणा, इंजेक्टर किंवा ग्लो प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि किती टक्के गळते ते पाहा. १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या पुढे शंका, ३० च्या पुढे दोष नक्की. मग हवा कुठून फुसफुसते ते ऐका. इनटेकच्या नळीत आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह. सायलेन्सरकडे आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, हेड किंवा लायनर. ऑईलच्या झाकणातून आला तर रिंग किंवा पिस्टन, आणि आपण ज्याच्यासाठी एवढं केलं ते इथे ठरतं.

७ बार हवा ११० मिमीच्या पिस्टनवर जवळजवळ ६८० किलोचा जोर लावते. टीडीसी जराशी चुकली तरी क्रँक झटक्यात फिरतो. फ्लायव्हीलमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून ठेवली असेल तर ती हात मोडते. दाब हळूहळू वाढवा आणि पुलीजवळून बाजूला व्हा.

आत डोकावणं, ऑईलला विचारणं

५-६ मिमीचा बोअरस्कोप इंजेक्टरच्या भोकातून आत घाला. पिस्टन वर असताना माथा पाहा: बाउलच्या (माथ्यावरच्या वाटीसारख्या खळग्याच्या) कडेला तडे, वितळून गोल झालेली कड, व्हॉल्व्हचा ठसा, टोचल्यासारखे खड्डे. मग पिस्टन बीडीसीला (सर्वांत खाली) नेऊन लायनर पाहा. होनिंगच्या (लायनर घासून तयार करतानाच्या) तिरप्या रेघा दिसत असतील तर ठीक, उभे ओरखडे दिसत असतील तर नाही. कॅमेऱ्याच्या उजेडात कार्बनची साधी रेघसुद्धा तड्यासारखी वाटते. शंका आली तर दुसऱ्या, चांगल्या सिलिंडरमध्ये तीच जागा पाहून तुलना करा.

ऑईल फिल्टर कापा, कागद उलगडा, पिळा आणि उन्हात धरा. चमकणारे कण लोहचुंबकाला चिकटले तर लायनर, रिंग किंवा गिअर. न चिकटणारे चंदेरी कण ॲल्युमिनियमचे की बेअरिंगचे, हे ठरवायला ते थोड्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाका. ॲल्युमिनियम फेसाळतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा, उघड्या जागेत. पण अलीकडच्या जास्त ताकदीच्या अनेक इंजिनांत पिस्टन पोलादी असतात, तिथे ही चाचणी काही सांगणार नाही. आधी तुमच्या इंजिनात कोणता पिस्टन आहे ते पाहा.

प्रयोगशाळेत ऑईल पाठवता आलं तर फारच चांगलं. सिलिकॉन, लोखंड आणि क्रोमियम एकत्र वाढलेले असले तर धूळ गेली आहे. ॲल्युमिनियम एकटंच उसळलं तर पिस्टन. सोडियम किंवा पोटॅशियम दिसलं तर कूलंट. ऑईल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर गळका इंजेक्टर, आणि तेच डिझेल लायनरवरचं ऑईल धुऊन टाकत असतं.

उघडताना पुरावा मोडू नका

आता हेड काढायला हरकत नाही. पण कापडाने काही पुसण्याआधी फोटो काढा. प्रत्येक पिस्टनवर सिलिंडरचा नंबर आणि पुढची बाजू लिहा, इंजेक्टरही त्याच नंबराने ठेवा. हेड निघाल्यावर प्रत्येक पिस्टन टीडीसीला आणून ब्लॉकच्या पातळीपेक्षा किती वर येतो ते डायल गेजने मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड वाकला आहे, म्हणजे कधीतरी सिलिंडरमध्ये पाणी, कूलंट किंवा इंधन साचलं होतं.

पिस्टन वर ढकलण्याआधी लायनरच्या वरच्या काठाचा कार्बन आणि झिजेची पायरी साफ करा. तसाच ठोकून काढला तर त्या पायरीला रिंग अडकून पिस्टनची पट्टी (दोन रिंगांमधला भाग) तुटते, आणि मग तुम्ही स्वतः केलेलं नुकसान इंजिनाच्या नावावर लिहिलं जातं.

मोडलेला पिस्टन वाचणं

पहिला प्रश्न: एक गेला की सगळे? एकच गेला असेल तर कारण त्या सिलिंडरपुरतं शोधा: इंजेक्टर, त्या पिस्टनचा ऑईल जेट (माथ्याखाली ऑईल उडवणारी बारीक नळी), लायनर, व्हॉल्व्ह. सगळ्यांवर सारखी खूण असेल तर जे सगळ्यांना सामाईक आहे ते पाहा, म्हणजे हवा, ऑईल, कूलंट, टायमिंग, चिप.

माथा वितळलेला किंवा भोक पडलेलं असेल तर आधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर बेंचवर लावा. वितळलेले चट्टे फवाऱ्याच्या दिशेने पाकळ्यांसारखे पसरलेले असले तर टपकणारा किंवा उघडा राहणारा इंजेक्टर जवळजवळ नक्की. इंजेक्टरखालचं कॉपर वॉशर किती आहे आणि किती जाडीचं आहे तेही पाहा. जुनं आत चिकटून राहतं, वर नवं बसतं, इंजेक्टर वर राहतो आणि डिझेल बाउलऐवजी कडेवर आदळतं. एका ट्रकचा तोच पिस्टन काही हजार किलोमीटरमध्ये दुसऱ्यांदा जळून आला होता. पहिल्या वेळी पिस्टन, लायनर, रिंगा सगळं नवं पडलं होतं आणि इंजेक्टर मात्र ‘चालू तर आहे’ म्हणून तोच परत बसवला होता. मालकाने दोनदा खर्च केला आणि दोनदा गाडी उभी ठेवली.

सगळे माथे भाजलेले, बाउलच्या कडा झिजलेल्या किंवा तडकलेल्या असतील तर हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं आहे. चिप, पंपाची छेडछाड, किंवा टर्बो आणि इंजिनामधल्या नळीची गळती. टर्बोच्या पुढची नळी गळली की बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) पडतो, धूर काळा होतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बाइनच्या आधी सतत ७०० अंशांच्या वर राहणारं तापमान ॲल्युमिनियमच्या पिस्टनला झेपत नाही, आणि लांब चढणीला पूर्ण लोडवर ड्रायव्हरला ते कळतही नाही. बाउलच्या कडेचे केसासारखे तडे बहुधा पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या दांड्याच्या) रेषेत उगवतात आणि वारंवार तापण्या-निवण्याने वाढत जातात.

फिल्टर आणि टर्बो यांच्या मधली नळी गळली तर गोष्ट उलटी होते. तिथे ओढ असते, म्हणून हवा बाहेर जात नाही, धूळ आत येते. पिस्टनच्या स्कर्टवर (रिंगांखालच्या भागावर) बारीक, समांतर, मंद राखाडी रेघा, रिंगांच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार, वरच्या रिंगचा खाचा रुंद आणि उतरता. टर्बोच्या कॉम्प्रेसर व्हीलच्या पात्यांची पुढची धारही खाल्लेली दिसते. वरची रिंग जास्त झिजली असेल तर धूळ हवेतून आली. खालची ऑईल रिंग जास्त झिजली असेल तर घाण ऑईलमधूनच आली.

स्कर्ट जाम होऊन घासला असेल तर घासणं कुठून सुरू झालं ते शोधा. वरच्या पट्टीपासून सुरू होऊन खाली उतरलं असेल तर उष्णता ज्वलनातून आली. माथा आणि रिंगांचा भाग स्वच्छ आणि स्कर्ट भोवताली घासलेला असेल तर कूलिंग किंवा क्लिअरन्स. पिनच्या दोन्ही बाजूंना चार कोपऱ्यांत ठिगळं असतील तर इंजिन तापलेलं होतं, किंवा थंड असतानाच पूर्ण लोड टाकला गेला. अरुंद, उभे, कोरडे ओरखडे असतील तर डिझेलने ऑईल धुतलं.

आता पिस्टन उलटा करा. माथ्याची खालची बाजू सोनेरी-तपकिरी असेल तर थंडावा मिळत होता. एकाच पिस्टनखाली काळा, कडक कार्बन बसलेला असेल तर त्याचा ऑईल जेट तुंबला किंवा वाकला होता. हे जेट बहुतेकदा मागच्या कामातच वाकतात, रॉड आत घालताना धक्का लागून. नवीन पिस्टन टाकताना जेटची धार योग्य जागी पडते का, हे सरळ तार घालून तपासल्याशिवाय चेंबर बंद करू नका.

रिंगांमधली पट्टी तुटली असेल तर तुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली धरा. तडा वरच्या खाच्याच्या मुळापासून खाली गेला असेल तर वरून अतिदाब आला: ईथर, फार पुढचं टायमिंग, सिलिंडरमध्ये द्रव. खालच्या खाच्याच्या मुळापासून वर गेला असेल तर पिस्टन बसवताना रिंग पूर्ण दाबलेली नव्हती आणि वरून ठोकलं गेलं होतं. ही दुसरी शक्यता कोणाला ऐकायची नसते, पण ती पाहिलीच पाहिजे.

टर्बो पेट्रोल इंजिनात खुणा थोड्या वेगळ्या. माथ्याच्या कडेला वाळूचा मारा केल्यासारखे बारीक खड्डे आणि तुटलेल्या पट्ट्या म्हणजे डेटोनेशन, प्लगच्या ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण एकदम फुटणं. मधोमध वितळलेलं भोक म्हणजे प्री-इग्निशन, ठिणगीच्या आधीच पेट घेणं. प्लगच्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे इवले मणी दिसले तर पिस्टन खायला सुरुवात झाली आहे. थेट इंजेक्शनच्या इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोडला अचानक होणारं प्री-इग्निशन पट्ट्या मोडतं, आणि ऑईलमधलं जास्त कॅल्शियम त्याला हातभार लावतं. म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या ऑईलच्या) वर्गात त्याविरुद्धची चाचणी आहे. अशा इंजिनात कोणतं ऑईल पडत होतं ते जरूर विचारा.

बंद करण्याआधी

लायनर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी मोजा. वेट लायनर (ज्याच्या पाठीला थेट कूलंट लागतं) असेल तर बाहेर काढून पाठीमागची बाजू पाहा. सुई टोचल्यासारखे खड्डे म्हणजे कॅव्हिटेशन (कूलंटमधले बुडबुडे फुटून धातू खाल्ला जाणं), आणि त्याचं मूळ कूलंटमधल्या ॲडिटिव्हच्या दुर्लक्षात असतं. नवीन रिंगची गॅप त्याच लायनरमध्ये घालून मोजा. गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडली तर नवा पिस्टनही पट्टी मोडून घेतो.

मोडलेल्या पिस्टनचा धातू ऑईलबरोबर सगळीकडे फिरलेला असतो. ऑईल कूलर नुसता धुऊन खात्री होत नाही, शक्यतो बदला. ब्लॉकमधल्या ऑईलच्या वाटांचे (गॅलरीचे) प्लग काढून ब्रशने साफ करा, सगळे जेट साफ करा, बेअरिंग पाहा. टर्बोच्या टर्बाइन व्हीलला तुकड्याचा मार बसला आहे का, शाफ्ट सैल आहे का, इंटरकूलरमध्ये ऑईल किंवा तुकडे आहेत का, हे पाहिल्याशिवाय नळ्या जोडू नका. तिथलं साचलेलं ऑईल नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी पळवू शकतं.

इंजिन सुरू झाल्यावर ते आयडलवर तासभर ठेवू नका. ऑईल प्रेशर आणि गळती तपासली की मध्यम लोडवर चालवा, रिंगा लोडवरच बसतात. पहिले काही तास ब्रीदरची फुंकर थोडी जास्त असते, नंतर ती उतरते. रिंगा बसल्यावर त्याच पाण्याच्या नळीने ब्रीदरचा आकडा घ्या, आरपीएम आणि लोड सोबत लिहा, आणि तो कागद गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी कोणी ‘बॅक कॉम्प्रेशन वाढलंय’ म्हटलं, की त्याच आरपीएमला मोजून त्या आकड्याशी ताडून पाहता येईल.